जादूला तात्पर्य विचारू नका

पुस्तक प्रदर्शनात बालविभागापुढे उभे असलेले पालक लांबूनच ओळखू येतात. पुस्तक हातात आलं की ते आधी मलपृष्ठ बघतात. तिथे 'संस्कारक्षम' हा शब्द सापडला की पाकीट बाहेर. पोरगी तोवर उडत्या मांजराच्या मुखपृष्ठाला चिकटलेली असते; तिला बखोट धरून थोरांच्या चरित्रांकडे नेलं जातं.

दुसरी जमात घाईवाली. "आमचा सात वर्षांचा आहे, पण हॅरी पॉटरचा चौथा भाग चालू आहे!" अहो, त्या भागाच्या पहिल्याच प्रकरणात म्हाताऱ्या माळ्याचा खून पडतो आणि शेवटाकडे शाळेतला एक मुलगा मारला जातो. पुस्तक काय जाडीवर द्यायचं?

हलकीफुलकी जादू हवी तर एइको कादोनो या जपानी लेखिकेची किकी बघा (१९८५). तेरा वर्षांची चेटकीण झाडूवरून परक्या शहरात उतरते आणि बेकरीवाल्या बाईंच्या आसऱ्याने सामान पोचवण्याचा धंदा टाकते. जगावर संकटबिंकट काही नाही. बाईसाहेबांना उडण्यापलीकडे जादू येत नाही; बाकी सगळं ओळखीपाळखी आणि मैत्रीवर निभावतं.

त्याहून जवळचे गुपी आणि बाघा. उपेंद्रकिशोर रायचौधुरींनी १९१५ साली 'संदेश' मासिकात लिहिलेले. एक बेसूर गाणारा, दुसरा कान किटवणारा ढोलकीवाला. दोघांनाही गावाने हाकललेलं, आणि भुतं मात्र त्यांच्यावर खूश! नातू सत्यजित राय यांच्या १९६९च्या सिनेमात तर दोघांनी एकमेकांना टाळी दिल्याशिवाय जेवणाचं ताट येत नाही. आजच्या पालकांनी त्यांना आधी गांधर्वच्या परीक्षेला बसवलं असतं.

मराठी कादंबरीतली मुलं हुशार, पण बहुतेक चोर पकडण्यात गुंतलेली. जादू रंगमंचावर गेली. मतकरींच्या 'अलबत्या गलबत्या'तल्या चेटकिणीला तिकीट काढून टाळ्या देणारे आईबाबाच पुस्तकातली चेटकीण दिसली की दचकतात.

निवडताना मित्रांच्या भांडणाचं पान काढा. आजोबांच्या भाषणाने ते अर्ध्या पानात मिटत असेल, तर पुस्तक जागेवर ठेवा. मंत्र एकदा तरी फसायला हवा, आणि फसला की दोघांनी मिळून निस्तरायला हवा.

आणि वाचून झाल्यावर 'काय शिकलास?' विचारू नका. तुम्हाला हवं ते उत्तर तो लगेच देईल. शाळेने तेवढी तयारी करून घेतलेली असते.