अर्ध्या टाकीचं दुखणं

दवनीवाड्याहून गोंदियाला जायला एसटी असताना धानाच्या ट्रकमधून जाणाऱ्याला एकतर फुकटची हौस असते, नाहीतर वेळ भरपूर असतो. माझ्याकडे दोन्ही होतं. मामेभावाचे कट्टे राइस मिलला निघाले होते. "बसा जी भाऊ केबिनमंदी, आत्ता पोचतो," ड्रायव्हर म्हणाला.

गाव सुटेपर्यंत गाडी शहाण्यासारखी वागली. मग पुलाच्या चढावर तिनं एक उचकी दिली, पाठोपाठ दुसरी, आणि वेग मरत मरत उभीच राहिली. "मिसिंग करते," ड्रायव्हर म्हणाला. घरातल्या म्हाताऱ्याच्या खोकल्याविषयी पाहुण्यांना सांगावं तसं.

खाली उतरून त्यानं बोल्ट सैल केला आणि फीड पंपाचा हातपंप खटाखट मारला. आधी नुसता फेस फसफसला. बुडबुडे संपून डिझेलची स्वच्छ धार आली तसा बोल्ट आवळला. गाडी सुरू!

"एअर पकडते जी."

"कुठून?"

"तेच तर समजून नाही राहिलं."

पुढच्या चढावर पुन्हा तेच.

आपल्याकडे रस्त्यात बंद पडलेला ट्रक ही सार्वजनिक मालमत्ता असते. पाच मिनिटांत सल्लागार मंडळ जमलं. काळा धूर म्हणजे हवा कमी, पांढरा म्हणजे डिझेल न जळता बाहेर, निळा म्हणजे ऑइल जळतंय, हे शास्त्र तिघांनाही पाठ होतं आणि तिघांना तीन रंग दिसले. गाडी तेव्हा बंद होती. बालाघाटकडून आलेल्या एका ट्रकवाल्यानं काच खाली करून "पंप खुलवाओ" एवढा निकाल दिला आणि न थांबता गेला. एक निवृत्त गुरुजी थेट जर्मनीत पोचले. रुडॉल्फ डिझेलला 1893 साली पेटंट मिळालं, 1897 साली त्याचं इंजिन नीट चाललं, आणि 1913 साली इंग्लंडला जाताना तो रात्रीच बोटीवरून नाहीसा झाला. का, यावर अजून वाद आहे म्हणे. मला तर वाटतं, बोटीवर कुणीतरी त्याला "गाडी मिसिंग का करते हो?" असं विचारलं असावं.

मालकानं आधीच फिल्टर बदलला होता, नोझल बदलले होते, पंप कॅलिब्रेशनला पाठवून आणला होता. बदलायचा राहिला होता फक्त ड्रायव्हर. आणि मालकाचे फोन ऐकता तो मुहूर्तही फार लांब नव्हता.

हात मारत, थांबत, गोंदियाच्या अलीकडे टिनाच्या शेडमधल्या एका मिस्त्रीपर्यंत आलो. त्यानं इंजिनाला हातही लावला नाही. पान थुंकून विचारलं, "टाकी फुल असली तं करते का?"

ड्रायव्हर थबकला. "फुल असली तं नाही करत जी. अर्धी झाली का सुरू होते."

मिस्त्रीनं टाकीची लाइन सोडली, डिझेलचा कॅन वर बांधला आणि पारदर्शक नळीनं सरळ फीड पंपाला जोडला. चक्कर मारून आलो. एक उचकी नाही. मग तीच नळी टाकीच्या लाइनमध्ये घातली, आणि रेस देताच डिझेलमागून मण्यांसारखे बुडबुडे पळू लागले.

टाकीतली सक्शनची नळी बाहेर काढली. मधोमध केसाएवढी चीर. टाकी भरलेली असली की चीर डिझेलखाली बुडते, तिच्यातूनही डिझेलच ओढलं जातं. पातळी उतरली की ती उघडी पडते आणि पंप हवा गिळतो. हवा दबते, डिझेल दबत नाही. म्हणून पंप जोर लावतो, पण नोझल उघडण्याइतका दाब तयारच होत नाही. बाहेर एक थेंब गळत नाही, त्यामुळे कुणाला पत्ता लागत नाही.

मिस्त्रीनं नळीला झाळ मारली. त्याचं बिल पंपाच्या कॅलिब्रेशनपुढे इतकं किरकोळ होतं की मालकानं फोनवर दोनदा विचारून घेतलं.

तेव्हा कुणाची गाडी भरल्या टाकीवर गुणाची आणि अर्ध्या टाकीवर रडकी असेल, तर पंप खोलायच्या आधी टाकीतली नळी काढून उजेडात धरा.