काचेचा कांदा

1967 साली जॉन लेननला त्याच्या जुन्या शाळेतल्या एका पोराचं पत्र आलं : मास्तर वर्गात बीटल्सच्या गाण्यांचा अर्थ लावून घेतात. 'कवीला काय म्हणायचे आहे?' छापाचाच प्रकार. लेननला चेव आला आणि त्याने अर्थाचा पत्ताच लागू नये असं गाणं रचलं, 'आय अ‍ॅम द वॉलरस'. मास्तर गप्प बसले असतील? छे! वॉलरस म्हणजे नेमकं कोण, यावर खल सुरू झाला. पुढच्या वर्षी लेननने 'ग्लास अनियन' या गाण्यात जुन्या गाण्यांचे खोटे धागे मुद्दाम पेरले. काचेचा कांदा! सोला म्हणावं. लोक सोलत बसले, आणि डोळ्यांत पाणीही आणलं.

1969 मध्ये तर 'अ‍ॅबी रोड' अल्बमच्या मुखपृष्ठावर लेननचा बीटल्समधला साथीदार पॉल अनवाणी दिसला, म्हणजे तो मेलाच, असा अर्थ लोकांनी लावला. पांढऱ्या कपड्यांतला लेनन पाद्री, डेनिममधला जॉर्ज थडगं खणणारा. 'लाइफ' मासिकाला खुद्द पॉलने मुलाखत देऊन आपण जिवंत असल्याचं सांगितलं. त्यावर उत्तर तयार होतं : हा तोतया! (पानिपतानंतर भाऊसाहेबांचा तोतया पाहिलेल्या आपल्याला याचं नवल नको.)

आणि ते अनवाणी पाय? फोटो 8 ऑगस्टचा. उकडत होतं म्हणून चपला काढल्या, असं पॉल सांगतो.