कायचं दुकान हाये?

रिटायर झाल्यावर माणूस तीर्थयात्रेला जातो, नाहीतर गुडघ्याच्या डॉक्टरकडे. मी जुनी व्हॅन घेतली. मागची सीट काढून फळी ठोकली, फळीवर गादी, फळीखाली स्टोव्ह, कांदे आणि पाण्याचे दोन कॅन. पडदे सौ.च्या जुन्या फुलाफुलांच्या साडीचे. सरकारनं २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं, त्यात माझी गाडी बसते का, हे विचारायला मी गेलो नाही. नाही म्हणाले असते तर?

बेत साधा होता. अकोल्याहून निघायचं, सातपुड्याच्या पायथ्यानं अकोट, अंजनगाव, परतवाडा करायचं आणि वलगाववरून अमरावती गाठायची. एकट्यानं. कुणाशी फारसं न बोलता.

पूर्णा नदीच्या दोन्ही अंगांना खारपाणपट्टा. विहिरीचं पाणी खारट, म्हणून ते दोन कॅन. तरी एका टपरीवर मोहापायी चहा घेतलाच. साखर आणि मीठ यांची त्या कपात जी बरोबरी लागली होती, ती अजून जिभेवर आहे.

अकोटला बाजाराच्या कडेला पहिला मुक्काम. सकाळी सहाला काचेवर टकटक.

"कायचं दुकान हाये, भाऊ?"

"दुकान नाही. फिरायला निघालोय."

"येकटेच?"

"हो."

त्यानं पडद्याच्या फुलांकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि आवाज उतरवून विचारलं, "घरी भांडन झालं काय?"

मग दर गावी तेच. कुणी मला चष्मेवाला समजलं, कुणी गुडघ्याच्या तेलाचा एजंट. एका आजींनी थेट हात पुढे केला, नातीच्या लग्नाचा योग बघायला. मी बघितला. पुढच्या वर्षी म्हणालो. चौतीस वर्षं शाळेत शिकवलेल्या माणसाला ठामपणे बोलण्याची सवय असते.

या वाटेवर माझ्याआधी एक बडा माणूस मुक्काम करत गेला होता. आर्थर वेलस्ली, पुढे ज्याला ड्यूक ऑफ वेलिंग्टन म्हणाले तो. २९ नोव्हेंबर १८०३ ला अडगावची लढाई, १५ डिसेंबरला गाविलगड, ३० डिसेंबरला सुर्जी-अंजनगावात शिंद्यांशी तह. महिनाभरात आटोपलं सगळं. मला तो तह वाचताना दरवेळी वाटतं, आपल्या लोकांनी नको त्या माणसाला मोकळं सोडलं. "काय विकता?" हे त्याला विचारायला हवं होतं. माणूस कंपनीचाच होता.

अंजनगावला पानमळ्यांच्या हिरव्या सावलीत दुपारभर पडून राहिलो. पानपिंपळी आणि नागवेली. तासभर कुणी आलं नाही, तर मलाच चुकल्याचुकल्यासारखं व्हायला लागलं.

अचलपूरला शकुंतला रेल्वेच्या स्टेशनाजवळ गाडी लावली. मूर्तिजापूरहून ७६ किलोमीटर येणारी ही नॅरोगेज आता बंद आहे. १९९४ पर्यंत तिला वाफेचं इंजिन होतं. सांगणारे सांगतात, चालत्या गाडीतून उतरून, काम उरकून पुन्हा चढता यायचं. स्टेशनाशेजारच्या एका काकांनी तासभर तिच्या आठवणी सांगितल्या, मग घरून पिठलं-भाकर आणि मिरचीचा ठेचा आणला. जेवण झालं, मी आभार मानून पडदा ओढला. थोड्या वेळानं बाहेर करकर आवाज. बघतो तर काका बाज ओढत आणताहेत.

"तुमी झोपा गुरुजी. येकट्या मानसाले भेव वाटते."

व्हॅनच्या दाराला बाज टेकवून ते निजले आणि दहा मिनिटांत असे घोरायला लागले की चोर काय, बिबट्यासुद्धा चार गावं लांबून गेला असता. डिसेंबरची थंडी. मी माझी दुसरी गोधडी त्यांच्या अंगावर टाकली आणि रात्रभर कुडकुडत जागा राहिलो.

शेवटचा थांबा वलगाव, पेढी नदीपाशी. २० डिसेंबर १९५६ ला अमरावतीला जाताना गाडगेबाबांनी इथंच प्राण सोडला. जन्म अंजनगाव तालुक्यातल्या शेंडगावचा. सामान म्हणजे एक गाडगं आणि एक खराटा. माझ्या फळीखालचा संसार आठवून जरा ओशाळलो. पंढरपूरला, नाशिकला दुसऱ्यांसाठी धर्मशाळा बांधल्या, स्वतः मात्र कुठल्याही ओसरीवर पडायचे. त्यांनाही लोक विचारत असतीलच की, कुठचे हो तुमी? पण बाबा आधी गाव झाडायला घ्यायचे.

मी फक्त गाडी झाडायला घेतली. पाच दिवसांची धूळ, कांद्याची सालं, पानमळ्यातली माती. एक बाई डोक्यावर भारा घेऊन चालली होती, ती थांबली.

"खराटा कितीले देता, भाऊ?"

मी तोंड उघडलं ते 'हे दुकान नाही' म्हणायला. पण पाच दिवस तेच बोलून कंटाळलो होतो.

"वीस."

"पंधरा घ्या."

दिला. संध्याकाळी अमरावतीतून घरी फोन केला. सौ.नं विचारलं, कशी झाली सहल?

म्हटलं, बोहनी झाली.