जरा थांबूया, किंमत उतरेल

उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर या पट्ट्यातल्या बऱ्याच सोसायट्यांत एक ठरावीक माणूस आढळतो. वय पंचवीस ते चाळीस, नोकरी ठाण्याच्या पलीकडे, घर वन बीएचके. हॉलच्या कोपऱ्यात, शोकेस आणि देव्हारा यांच्या मधल्या जागेत, निळेजांभळे दिवे लावलेला त्याचा गेमिंगचा खोका. आत सातव्या पिढीचा आय-फाइव्ह आणि २०१६ साली बाजारात आलेलं जीटीएक्स १०६० ग्राफिक्स कार्ड. नवे काय ते दिवेच. हे मशीन बदलायचं हे त्याने कधीच ठरवून टाकलं आहे, फक्त कधी बदलायचं ते ठरायचं आहे. दिवाळीच्या सेलला तो म्हणतो, ‘जरा थांबूया, किंमत उतरेल.’ सव्वीस जानेवारीच्या सेलला ‘नवी सिरीज येतेय’. जूनमध्ये ‘आता पावसाळा, लाइटचा भरवसा नाही, नवीन कार्ड उडालं तर?’ घरचे त्याला चिकट म्हणतात आणि मित्र भित्रा म्हणतात. मला दोन्ही निदानं चुकीची वाटतात. हा माणूस थांबतो ते अगदी बरोबर करतो. त्यासाठी तो जी कारणं देतो, ती मात्र एकजात चूक असतात.

त्याचं लाडकं कारण म्हणजे बॉटलनेक. प्रोसेसर जुना असताना नवं कार्ड घातलं तर कार्ड बसून राहणार. प्रोसेसर बदलायचा तर मदरबोर्ड बदलायला हवा, मदरबोर्ड बदलला की जुनी रॅम चालणार नाही, आणि एवढं सगळं घेतलं तर वीज पुरवणारा एसएमपीएस पुरणार नाही. हा हिशेब त्याला कोणी शिकवावा लागत नाही. सीएसएमटीपासून कल्याणपर्यंत निदान चार रुळांवरून येणारी वाहतूक कल्याणनंतर बदलापूरच्या बाजूला दोन रुळांवर कोंबली जाते आणि तिसऱ्या-चौथ्या मार्गिकेची वाट बघण्यात त्याची तरुणाई गेली आहे. अडथळा एका जागी असला की बाकीची रुंदी फुकट जाते, हे त्याला उभ्याने, एका हाताने कडी धरून कळलेलं आहे. गणित बरोबर आहे. पण ज्या खेळासाठी हे गणित मांडायचं, त्या खेळाचं नाव त्यात कुठेच येत नाही. तो काउंटर-स्ट्राइक खेळतो, व्हॅलोरंट खेळतो आणि रविवारी जीटीए फाइव्ह, जो संगणकावर २०१५ साली आला. या तिन्हींना त्याचा जुना खोका पुरून उरतो. जो खेळ आपण खेळतच नाही, त्यातल्या बॉटलनेकची काळजी करत रात्री दीड वाजेपर्यंत तुलनेचे व्हिडिओ पाहणं हा या माणसाचा मुख्य खेळ झाला आहे. त्यात फ्रेम रेटचा प्रश्नच येत नाही.

दुसरं कारण किमतीचं. इथे तो इतिहासाचा आधार घेतो आणि इतिहास त्याला अर्धीच साथ देतो. २०२१ साली कार्डं दुकानांतून गायब झाली होती. करोनाने पुरवठा तुटला होता आणि उरलेली कार्डं क्रिप्टो चलनाची खाणकामं करणाऱ्यांनी उचलली. घाईने घेणाऱ्यांना मूळ किमतीच्या दुपटीच्या घरातले भाव मोजावे लागले. सप्टेंबर २०२२मध्ये इथेरियमने कार्डांवरचं खाणकाम बंद केलं आणि तीच कार्डं सेकंडहँड बाजारात येऊन पडली. थांबलेला जिंकला. तेव्हापासून हा माणूस २०२२चा दाखला असा देतो की जणू इथेरियमला तो निर्णय त्यानेच सुचवला होता. पण थांबणं हा किमतीचा नियम असता तर २०२५च्या अखेरीस रॅमचे भाव भडकले नसते. एआयच्या डेटा सेंटरांनी मेमरीचं उत्पादन ओढून घेतलं आणि डिसेंबरमध्ये मायक्रॉन कंपनीने ‘क्रुशल’ हा सामान्य ग्राहकांसाठीचा ब्रँड बंद करत असल्याचं जाहीर केलं. त्या दिवाळीत जो ‘जरा थांबूया’ म्हणाला, त्याला तीच रॅम नंतर चढ्या भावाने दिसू लागली. त्यावर तो काय म्हणाला? ‘आता तर थांबलंच पाहिजे.’ भाव उतरला तरी थांबायचं आणि चढला तरी थांबायचं, तर भावाचा या निर्णयाशी संबंध उरत नाही, हे त्याच्या लक्षात येत नाही. त्याला अर्थशास्त्र येत नाही असं नाही. त्याला ते गरजेपेक्षा जास्त येतं.

इथल्या हवेचाही या निर्णयात हात आहे. बदलापूरचा पारा उन्हाळ्यात चाळिशी ओलांडतो. त्याच्या कार्डाने तापमान साधारण ८३ अंशांवर गेलं की स्वतःचा वेग कमी करायचा, अशी त्याच्या रचनेतच सोय आहे. साहजिकच मे महिन्यात गेम अडखळतो, मशीन म्हातारं झालं असं घरात जाहीर होतं आणि खरेदीची यादी तयार होते. तेवढ्यात कोणीतरी खोका उघडून ब्लोअर मारतो, चिपवरची वाळून खडखडीत झालेली थर्मल पेस्ट बदलतो आणि मशीन पुन्हा धावू लागतं. डिसेंबरात तर ते तरुणच असतं. म्हणजे मेमध्ये केलेलं निदान आजाराचं नसून ऋतूचं असतं. या डागडुजीत उल्हासनगरचा मोठा वाटा. फाळणीनंतर कल्याणच्या लष्करी छावणीत आलेल्या सिंधी निर्वासितांच्या या वस्तीला ८ ऑगस्ट १९४९ रोजी शहराचं नाव मिळालं, आणि जवळ काहीच नसताना हाताला येईल त्यातून वस्तू उभी करण्याची या शहराची सवय तेव्हापासूनची. ‘मेड इन यूएसए’ म्हणजे उल्हासनगर सिंधी असोसिएशन, हा विनोद महाराष्ट्रभर सांगितला जातो. त्यातली कुचेष्टा सोडली तर कौतुक उरतंच. ज्या शहरात वस्तू दुरुस्त होत नाही असं सहसा कोणी म्हणत नाही, तिथे ती टाकून देण्याचा मुहूर्त सापडणार कसा? तिथल्या दुकानात काउंटरमागचा माणूसही म्हणतो, ‘भाई, चल रहा है ना? चलने दो.’ विकणाऱ्याकडून इतका प्रामाणिक सल्ला मिळाल्यावर आपला गेमर नवा पंखा घेऊन बदलापूर लोकल पकडतो.

आता आक्षेप. पहिला असा की हा सगळा आळस आहे आणि जग पुढे गेलं. जगाचे आकडे तसं म्हणत नाहीत. संगणकावरचे खेळ विकणाऱ्या स्टीमच्या हार्डवेअर सर्वेक्षणात हेच जीटीएक्स १०६० सुमारे पाच वर्षं, २०२२च्या अखेरपर्यंत, सर्वाधिक वापरलं जाणारं कार्ड होतं. म्हणजे थांबणं हा बदलापूरचा स्थानिक आजार नाही. दुसरा आक्षेप जड आहे. विंडोज १०चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ला संपला, विंडोज ११ इंटेलच्या आठव्या पिढीपासून पुढेच अधिकृतपणे चालतं आणि याचा प्रोसेसर नेमका सातवीत अडकलेला. त्याच महिन्यात एनव्हिडियानेही या कार्डांसाठी नव्या खेळांचे ड्रायव्हर काढणं थांबवलं. सुरक्षेचे तेवढे २०२८पर्यंत येत राहतील. ज्या मशीनवरून बँकेचे व्यवहार होतात ते अपडेटविना चालवणं मूर्खपणा आहे, हे मान्य करायलाच हवं. पण मायक्रोसॉफ्टने सुरक्षा अपडेटना वर्षभराची वाढीव मुदत दिली आणि मुदतवाढ हा शब्द ऐकल्यावर या माणसाच्या चेहऱ्यावर जो आनंद उमटला, तो कुठलं नवं कार्ड देऊ शकलं नसतं. तरी ही मुदत संपणारी आहे. मशीन बदलण्याचं, आणि आजवर त्याच्या बोलण्यात न आलेलं, पहिलं खरं कारण हेच.

दुसरं खरं कारणही आहे. ‘इंडियाना जोन्स अँड द ग्रेट सर्कल’ आणि ‘डूम: द डार्क एजेस’ या खेळांनी रे ट्रेसिंगची सोय कार्डातच असावी अशी अट घातली. १०६०वर ते अडखळत चालत नाहीत, चालतच नाहीत. सेटिंग कमी करून निभावण्याचा मार्ग तिथे बंद होतो. मशीन बदलण्याची वेळ ओळखायची तर माझ्या मते एवढंच पाहावं: खेळायचाच आहे असा खेळ सुरूच होत नाही का? उत्तर ‘हो’ येईपर्यंत बाकी सारे तक्ते करमणूक. आणि हा निकष त्याला ठाऊक नाही असंही नाही. शेजारच्या काकूंच्या मुलाला कोणता संगणक घ्यावा, हे तो जिन्यात उभ्या उभ्या सांगतो: ‘काय खेळणार? मग हे घे, उद्याच घे.’ सोसायटीतले निम्मे संगणक त्याच्या सल्ल्याने आले आहेत आणि त्याच्याच संगणकापेक्षा वेगवान आहेत. स्वतःच्या बाबतीत मात्र त्याचं उत्तर तयार आहे. तो जीटीए सहासाठी थांबला आहे. त्या खेळाची जाहीर झालेली १९ नोव्हेंबर २०२६ ही तारीख फक्त प्लेस्टेशन आणि एक्सबॉक्ससाठी आहे, संगणकाचा त्यात उल्लेख नाही, हे त्याला कोणी सांगायला गेलं तर तो शांतपणे म्हणतो, ‘माहीत आहे. म्हणूनच घाई नाही.’