होडीला ओढ वाऱ्याची

बँकेतून निवृत्त झाल्यावर लोक अलिबागला जागा घेतात. आमच्या साडूंनी अलिबागकडे जायचे साधन घेतले. २२ फुटी जुनी शिडाची होडी, दोन शिडे, मागच्या फळीवर टांगलेले सुकाणू आणि ते फिरवायला लाकडी दांडा. या दांड्याला होडीवाले टिलर म्हणतात. साडूंचा टिलर नजरेत भरण्याइतका लांब होता. मुळात तो आखूडच, पण वारा वाढला की हाताला जड लागे, म्हणून साडूंनी सुताराकडून सागवानी, थोडा लांब करून घेतला. पुढच्या हंगामात आणखी वीतभर. आता होडी वळली की बैठकीवरच्या प्रत्येकाला उठून टिलरला वाट द्यावी लागे. तरफ लांब केली की जोर कमी लागतो, हे आर्किमिडीजच्या काळापासून खरे आहे. दुखणे तसेच राहते, हेही तेव्हापासूनच.

फेब्रुवारीतल्या एका सकाळी आम्ही गेटवेसमोरून मांडव्याला निघालो. सुकाणूवर साडू, त्यांच्या मदतीला त्यांची कॉलेजात जाणारी मुलगी, म्हणजे आमची भाची, आणि भार म्हणून मी आणि साडूंचे मित्र डॉक्टर. डॉक्टर हाडांचे. होडीत पाय ठेवल्या ठेवल्या त्यांनी डोलकाठीकडे खालून वर पाहिले आणि म्हणाले, "मागे झुकलीय. कण्याचाच प्रॉब्लेम असणार." तेव्हा कुणी काही तक्रारही केलेली नव्हती.

सकाळी जमिनीवरून समुद्राकडे मतलई वाहते. ती मंद, सौम्य आणि मांडव्याला जाताना सोयीची. नौदलाच्या राखाडी जहाजांना अंतरावरून नमस्कार करत आम्ही दक्षिणेला लागलो. टिलर शहाण्यासारखा वागत होता. साडूंनी लांबवर धूसर दिसणाऱ्या खांदेरीकडे बोट करून दर सफरीला सांगायची गोष्ट सांगितली: १६७९ साली शिवाजी महाराजांच्या लहान होड्यांनी इंग्रजांच्या मोठ्या जहाजांना हुलकावणी देत त्या बेटावर माणसे आणि सामान कसे पोचवले. गोष्ट खरी आहे आणि ऐकण्यासारखीही आहे. पण सांगताना साडूंचा आवाज असा चढतो, की शेवटची खेप त्यांनीच नेली असावी.

मांडव्याला आम्ही जेवलो, आणि पाहण्याजोगे जे काही होते ते जेवणातच होते. निघताना साडूंनी जवळ उभ्या असलेल्या एका वयस्कर तांडेलांना आदराने विचारले, "वारा आला की सुकाणू जड जातं. काय करावं?" वंशपरंपरागत ज्ञान ऐकायला आम्ही सरसावून उभे राहिलो. तांडेलांनी होडी नाळेपासून सुकाणूपर्यंत न्याहाळली आणि म्हणाले, "इंजिन लावा."

दुपारी मुंबईच्या समुद्रावर वारा फिरतो आणि वायव्येकडून येऊ लागतो. मांडव्याहून गेटवे साधारण त्याच बाजूला. शिडाची होडी थेट वाऱ्याच्या तोंडावर चालत नाही. एकदा या अंगाने, एकदा त्या अंगाने, अशी नागमोडी चढत जाते. पहिल्याच वळणानंतर होडी एका कुशीवर कलली आणि गोठा दिसलेल्या बैलासारखी वाऱ्याकडे ओढ घेऊ लागली. साडूंनी टिलर दोन्ही हातांनी छातीशी धरला, समोरच्या बाकाला पाय लावला आणि दातांच्या फटीतून म्हणाले, "ओहोटीचं पाणी ओढतंय."

ओहोटीवर हा आरोप कोकणात सर्रास होतो, पण तो टिकत नाही. प्रवाह अख्खी होडी सुकाणूसकट वाहून नेतो. टिलर पिरगळायला तो होडीत येत नाही.

तेवढ्यात न्हावा-शेव्याकडे निघालेले एक कंटेनर जहाज दिसले. शिडाच्या होडीला इंजिनाच्या जहाजाने वाट द्यावी, हा नियम साडूंना तोंडपाठ. मात्र खोल पाण्याच्या अरुंद मार्गाबाहेर जाऊ न शकणाऱ्या जहाजाची वाट लहान होडीने अडवू नये, हा नियमही त्याच पुस्तकात आहे, आणि तो भाचीला पाठ होता. तिने होडी मागे फिरवायला लावली. जहाज निघून जाईपर्यंत कुणीच निदान केले नाही.

मग भाचीने पहिला कामाचा प्रश्न विचारला. "बाबा, टिलर जड आहे, की होडी वळतेय?"

"दोन्ही एकच!"

"एकच नाही. टिलर मधल्या रेषेपासून किती लांब धरावा लागतोय ते बघा."

बघितले. १५ अंश तरी असावा. एवढे तिरपे सुकाणू होडी कमी वळवते आणि ब्रेक जास्त लावते. होडी स्वतःहून इतकी वळत असेल, तर दोष बहुतेक सुकाणूत नसतो. तो असतो शिडांत, डोलकाठीत आणि बसलेल्या माणसांत. इथे तिची नजर डॉक्टरांवर गेली. ते शिडाची सावली बघून खालच्या अंगाला बसले होते, जिकडे होडी आधीच कलली होती. "डॉक्टरकाका, वर या." होडी कलली की शीड बाजूला पाण्यावर झुकते. वाऱ्याचा जोर तिथे बाहेर लागतो, पाण्याचा विरोध इकडे बुडाला, आणि या ओढाताणीत नाळ वाऱ्याकडे फिरते. डॉक्टर कुरकुरत उन्हात आले आणि होडी बरीच सरळ झाली. मग तिने मोठ्या शिडाचा दोर हातभर सैल केला आणि पुढचे लहान शीड ताणले. मागचे शीड शेपटी ढकलते, पुढचे नाळ ढकलते. दोघांचा हिशेब जुळला तर सुकाणूला काम उरत नाही.

टिलर चार-पाच अंशांवर आला. डोलकाठी फार मागे झुकली असेल तरी होडी वाऱ्याकडे वळते, हे भाचीने डॉक्टरांना उदार मनाने मान्य केले. पण ती दुरुस्ती किनाऱ्यावर करायची. डॉक्टरांनी "एक्स-रे काढायला हवा होता" एवढेच म्हटले.

गंमत पुढेच आहे. कोन कमी झाला तरी टिलर जडच! साडूंच्या चेहऱ्यावर ओहोटी परत दिसू लागली. पण कोन लहान आणि हाताला ओझे मोठे, म्हणजे आता संशयित सुकाणूच. भाचीने मागच्या फळीवरून वाकून पाण्यात पाहिले आणि हसू लागली.

या होडीच्या सुकाणूचे पाते उथळ पाण्यात वर उचलता येते, आणि खोल पाण्यात एका दोराने ते खाली ओढून ठेवायचे असते. तो दोर खाचेतून निसटला होता. पाते उभे राहायच्या ऐवजी वेगाबरोबर मागे तरंगत होते. बिजागरीच्या रेषेपासून पाते जितके मागे, तितका पाण्याचा जोर लांबून लागतो आणि हाताला जड होतो. साडू वर टिलर लांब करत होते, समुद्र खाली सुकाणू लांब करत होता. सकाळच्या मंद वाऱ्यात वेग नव्हता, म्हणून पाते आपल्या वजनाने खाली राहिले आणि कुणाला पत्ता लागला नाही.

होडी वाऱ्याच्या तोंडावर आणून थांबवली, शिडे फडफडत ठेवली, दोर ओढला आणि पक्का बांधला. पुन्हा निघालो तेव्हा साडूंनी टिलर दोन बोटांत धरला आणि बराच वेळ कुणाशी बोलले नाहीत. मग म्हणाले, "अजून जरासा ओढतोय. तेवढंही काढून टाकू."

"नाही काढायचं, बाबा."

वाचकांपैकी कुणाकडे शिडाची होडी असेल, तर त्यांनाही तेच सांगणे. दर हंगामाला पात्याचा दोर बदला, सुताराकडे नंतर जा, आणि वाऱ्याकडची ती तीन-चार अंशांची ओढ राहू द्या. ती असेल, तर टिलर हातातून सुटल्यावर होडी आपोआप वाऱ्याकडे तोंड करते आणि बहुतेक वेळा तिथेच मंदावते. पाण्यात पडलेल्या साडूंना ती पोहत गाठता येते. ओढ उलट्या दिशेची झाली, तर तीच होडी पाठीवर वारा घेऊन साडूंशिवाय मांडव्याला परत जाते.