आधी सायकल उतरवा

शनिवारी सकाळी मुरबाडच्या नाक्यावर उभे राहा आणि कल्याणकडून येणारी रांग बघा. टपावर तंबू, पुढे विंच, मागे स्टेपनी, दारावर ग्रुपचा स्टिकर. फोर बाय फोर घेऊन माळावर नाहीतर ओढ्याकाठी जायचं, गाड्या चिखलात घालायच्या, रात्री तंबूत मुक्काम, रविवारी संध्याकाळी परत. हौस आहे. हौसेला मोल नसतं.

माझी हरकत हौसेला नाहीच. चिखलातून गुरगुरत वर येणारी गाडी बघायला मलाही आवडते. पण तंबूपासून दोनशे पावलांवरच्या संडासाला जायला तीच दोन टनांची गाडी का सुरू होते?

गाडी प्रत्यक्ष चिखलात असते ती थोडा वेळ. बाकी सगळा वेळ माणसं हेलपाटे घालत असतात. बर्फ संपला. अंडी राहिली. काडेपेटी विसरली. पलीकडच्या चढावर कुणाची तरी गाडी रुतली, ती बघायला जायचंय. दर हेलपाट्याला स्टार्टर, दर हेलपाट्याला धूळ, आणि ती धूळ बसते रस्त्याकडेच्या घराच्या ओटीवर वाळत घातलेल्या पापडांवर.

हे सगळे हेलपाटे सायकलचे आहेत.

मोटारींच्या शर्यतींत ज्यांची हयात गेली त्यांना हे केव्हाच कळलं. फ्रान्समध्ये ल मान्सची चोवीस तासांची शर्यत १९२३ साली सुरू झाली. तिथला ट्रॅक १३.६२६ किलोमीटरचा. प्रेक्षक तंबू ठोकून मुक्कामाला असतात, आणि एका वळणावरून दुसऱ्या वळणावर पायी जायचं तर पायांचे तुकडे पडतात. म्हणून तंबूबरोबर सायकल येते. इंग्लंडमध्ये सिल्व्हरस्टोनच्या ट्रॅकच्या आसपासच्या शेतांत उतरणारेही सायकल घेऊन येतात. मोटारीचं वेड असलेली माणसं, पण मोटार तळावर ठेवून हिंडतात. त्यांचं वेड कमी झालं का?

नेदरलँड्समधल्या झँडफोर्टला २०२१ मध्ये फॉर्म्युला वन परत आलं. समुद्रकाठचं लहानसं गाव, रस्ते अरुंद. आयोजकांनी सरळ सांगितलं, रेल्वेने या नाहीतर सायकलने या. हजारोंनी सायकली काढल्या. जगातली सगळ्यात महागडी मोटार शर्यत बघायला लोक पायडल मारत जातात, आणि आपण मेअखेरीस काजवे बघायला हेडलाइट लावून जातो.

काजव्यांना विचारलंय कुणी?

आणखी एक. फॉर्म्युला वनचे चालकसुद्धा शर्यतीआधी ट्रॅकचा अंदाज घेतात तो पायी नाहीतर सायकलवरून. तीनशेच्या वेगात न जाणवणारा उंचवटा पायडल मारताना मांडीला बरोबर कळतो. आमच्याकडे ओढा किती खोल आहे हे गाडी बोनेटपर्यंत आत गेल्यावर कळतं. मग ट्रॅक्टर बोलवायचा, आणि ट्रॅक्टरवाला नांगरणी सोडून यायचा.

तळ ठोकून चार दिवस राहणं या मुलखाला नवं नाही. मुरबाड तालुक्यातल्या म्हशाची यात्रा पौष पौर्णिमेची. गुरांचा मोठा बाजार. बैल घेऊन लांबून आलेली माणसं तिथे मुक्काम करायची, गाडीशेजारी चूल, गाडीखाली अंथरूण. एकदा बैल सोडले की सोडले. चहा प्यायला जायचं म्हणून कुणी पुन्हा गाडी जुंपत नसे. वाहनाला विश्रांती लागते हे बैलवाल्याला सांगावं लागत नाही, डिझेलवाल्याला सांगावं लागतं.

बैलगाड्यांच्या शर्यतींवर सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये बंदी घातली. डिसेंबर २०२१ मध्ये अटींसह परवानगी मिळाली आणि मे २०२३ मध्ये घटनापीठाने राज्याचा कायदा उचलून धरला. शर्यती परतल्या, गुलाल परतला. पण आता एखाद्या शर्यतीला जाऊन बघा. घाटाच्या दोन्ही अंगांना मोटरसायकलींची भिंत. तीन-चार किलोमीटरवरच्या पाड्यावरून आलेला पोरगासुद्धा मोटरसायकलवर. कुणाला बैलाची धडक बसली तर ॲम्ब्युलन्स बाहेर काढायची कुठून? बैलाच्या दोन शिंगांइतकीच त्या शेकडो हँडलांचीही भीती वाटते.

आता रस्त्याचं. मोटार वाहन कायद्याचं कलम १८९ सांगतं की सरकारच्या लेखी संमतीशिवाय सार्वजनिक रस्त्यावर शर्यत लावता येत नाही. माळशेजच्या रस्त्यावर ‘जरा खेचून बघू’ म्हणणाऱ्यांना हे कलम ठाऊक नसतं असं नाही. ठाऊक असतं. समोरून दुधाचे कॅन लावलेली मोटरसायकल येतेय हे मात्र ठाऊक नसतं.

आणि समृद्धी महामार्ग? इगतपुरी ते आमणे हा शेवटचा ७६ किलोमीटरचा तुकडा ५ जून २०२५ ला खुला झाला. नागपूरपासून ७०१ किलोमीटर पूर्ण. तो शहापूर तालुक्यातून जातो, इथल्या शेतकऱ्यांच्या जमिनी घेऊन जातो. त्यावर सायकल चालत नाही, मोटरसायकलही चालत नाही. वेगाच्या रस्त्यावर दुचाकी नको, हे सुरक्षेच्या दृष्टीने बरोबरच. पण मग खालच्या गावरस्त्यांवर तरी सायकलला जागा ठेवाल? तिथे तुमच्या गाड्या आल्या की ती खड्ड्यात उतरते.

तिच्यावर कोण असतं, बघितलंय? शाळेची पोरगी असते.

सरकारी योजनांतून आठवी ते बारावीच्या मुलींना सायकली मिळतात. गावाबाहेरची शाळा, एसटीच्या वेळा जुळत नाहीत, रिक्षाला पैसे नाहीत. अशा घरात ती सायकल म्हणजे मुलीची नववी-दहावी आहे. सायकल बिघडून महिनाभर पडून राहिली की शाळा सुटते, आणि सुटलेली शाळा पुन्हा धरायला घरचे तयार नसतात. म्हणून हेलपाट्यांसाठी गावात सायकल भाड्याने घ्यायचा विचार करताना पहिली अट हीच: कुणी बाप तीनशे रुपयांसाठी पोरीची सायकल पुढे करत असेल तर हात जोडून नको म्हणा. शनिवारी सकाळची शाळा असते.

मग सायकल आणायची कुठून? एक तर घरून आणा.

घरून आणणाऱ्यांना थोडं सांगतो. गाडीच्या मागच्या रॅकवर सायकल लावली की नंबरप्लेट आणि टेललाइट झाकली जाते. रात्री कसाऱ्याच्या वाटेवर मागून येणाऱ्या ट्रकला तुमचा ब्रेक दिसला नाही तर दोष कोणाचा? टपावर लावलीत तर कॅम्पच्या कमानीची उंची आधी विचारा. आणि दोन दिवसांनी सायकल तशीच बांधलेली घरी परत नेणार असाल तर आणूच नका. नवरदेवाच्या फेट्यासारखी ती मिरवून कुणाचं भलं होत नाही.

पातळ टायरची रेसिंग सायकल हायवेला ठीक. मुंबईचे सायकलस्वार पहाटे कसारा घाट चढतात ते त्यांच्या दमाचं काम आहे, मान द्यावा असं. पण किन्हवली-डोळखांबच्या आतल्या रस्त्यांवर मुरूम आहे, आणि मुरमात बाभळीचे काटे. तिथे रुंद टायर लागतो. पावसाळ्यात मडगार्ड काढून ठेवा, कारण खाचराकडेची चिकण माती त्यात भरली की चाक फिरतच नाही. गावातली पोरं हे न शिकवता करतात. रात्री पुढे-मागे दिवा लावा. पाड्याच्या वाटेला विजेचा खांब असेलच असं नाही, आणि काळोखात रस्त्यावर साप पहुडलेले असतात. पंप, जादा ट्यूब, कुलूप. एवढं सामान पुरे.

गाडीशिवाय येणाऱ्यांसाठी शहापूर तालुक्याइतकी सोय दुसरीकडे क्वचितच. आसनगाव, आटगाव, खर्डी, कसारा. लोकल थेट येते. आसनगावला उतरलं की माहुली गडाचा पायथा पाच-सहा किलोमीटरवर. स्टेशनबाहेर चांगल्या वीस सायकली भाड्याने मिळाल्या तर निम्म्या गाड्या मुंबईतून निघणारच नाहीत. पण स्टेशनबाहेर मिळते फक्त रिक्षा, तीही भरल्याशिवाय हलत नाही. मुरबाडकरांना ही चैनही नाही. कल्याण-मुरबाड रेल्वेच्या घोषणा ऐकत इथली एक पिढी म्हातारी झाली.

दुसरा मार्ग गावात भाड्याने घेण्याचा. आणि इथे मी हट्टाने बोलणार.

एके काळी प्रत्येक बाजारगावात भाड्याच्या सायकलींचं दुकान होतं. मडगार्डवर रंगवलेला नंबर, तासावर भाडं, वहीत नाव. उंच नळीखालून पाय घालून हाफ पायडल मारत कितीतरी पोरं त्याच सायकलींवर शिकली, गुडघे फुटले, तरी दुसऱ्या दिवशी चार आणे घेऊन पुन्हा दारात हजर. ती दुकानं मोटरसायकलच्या हप्त्यांनी संपवली. ॲटलस कंपनीचा साहिबाबादचा कारखाना ३ जून २०२० ला बंद पडला. त्या दिवशी जागतिक सायकल दिन होता.

दुकान गेलं, कारागीर आहे. नाक्यावरच्या टपरीत एखाद्या पंक्चरवाल्याचे हात बघा. लोखंडी पट्टीने टायर रिमवरून सोडवणार, ट्यूब बाहेर काढून हवा भरणार, घमेल्यातल्या पाण्यात इंच-इंच बुडवत नेणार. बुडबुडा दिसला की ओल्या बोटाने ती जागा दाबून धरणार, पुसणार, कानशीने घासणार, सोल्युशन लावून फुंकर मारणार. पॅच बसवण्याआधी टायरच्या आतून बोट फिरवून काटा शोधणार, कारण काटा तसाच राहिला तर पंक्चर पुन्हा ठरलेलं. दहा मिनिटांचं काम, आणि एकही हालचाल वाया जात नाही. या माणसाकडे दिवसभर मोटरसायकलींची हवा तपासायचं काम उरलंय.

त्याला सायकली द्या.

कॅम्पवाल्यांनो, तुम्हाला म्हणतोय. जनरेटर आणता, डीजे आणता, बार्बेक्यू आणता. मग जुन्या वीस सायकली विकत घेऊन त्या दुरुस्तीला गावच्या कारागिराला का देत नाही? ब्रेकचे रबर, चेन, बेअरिंग, सीट. पावसाआधी एकदा, पावसानंतर एकदा. तळाच्या तोंडाशी गाड्यांची जागा आखा आणि तिथून पुढे फक्त सायकल, असा नियम लावा. अडकलेली गाडी ओढणारी एक जीप आणि ॲम्ब्युलन्स, एवढ्यांनाच आत सूट. पोरं झोपलेल्या तंबूंमधून रात्री अकराला कुणी रिव्हर्स घेणार नाही, एवढ्यासाठी तरी हे करा.

पाण्याचाही विचार करा. तानसा, मोडकसागर, भातसा. मुंबईची तहान इथून भागते आणि उन्हाळ्यात शहापूर तालुक्यातल्याच पाड्यांवर टँकरची वाट बघत हंडे रांगेत असतात. त्या पाड्याशेजारी चिखलाने माखलेली जीप प्रेशर पंप लावून धुताना हात आखडत कसा नाही? सायकल अर्ध्या बादलीत आणि एका फडक्यात स्वच्छ होते.

भाड्याने घेणाऱ्यांसाठी व्यवहार साफ हवा. ताब्यात घेताना दोन्ही ब्रेक दाबून बघा, हवा बघा, चेन फिरवा, फोटो काढा. अनामत रोख द्या. मूळ आधार कार्ड कुणाच्या गल्ल्यात ठेवू नका, आणि दुकानदारानेही मागू नये. मोडलं तर भरून द्यायचं. ‘आधीच वाकलेलं होतं’ हे वाक्य सायकल परत करताना नाही, घेताना बोलायचं.

भाडं सायकलवाल्याने ठरवायचं. तंबूच्या एका रात्रीचे पैसे हजारांत मोजणाऱ्याने दिवसाच्या दीडशे रुपयांवर घासाघीस करू नये. आणि ते रविवारी निघायच्या आधी, रोख. टोकावड्याच्या पुढे रेंज कधी जाईल सांगता येत नाही, आणि ‘घरी पोचल्यावर जीपे करतो’ म्हणून गेलेल्यांचे नंबर वहीत तसेच पडून राहतात.