कर्णयंत्राची कैफियत

लेस्टर, ज्येष्ठ शुद्ध एकादशी

तीर्थस्वरूप दादांचे सेवेशी,

आपल्या धाकट्या भावाचे कृतानेक शिरसाष्टांग नमस्कार. वि. वि. येथील मंडळी खुशाल आहेत. तेथील वर्तमान वहिनींच्या फोनवरून कळले, आणि जरा विस्तारानेच कळले. पुण्याहून एवढी रक्कम मोजून आणलेले कर्णयंत्र आपण जेमतेम आठवडाभर कानांस लावलेत व मग डबीत घालून देवघराच्या फडताळात ठेवून दिलेत, ही हकीकत त्यांनी रीतसर फिर्यादीच्या सुरात सांगितली. वर्गणी मागावयास आलेली पोरे पावसापाण्याविषयी बोलत आहेत असे समजून आपण प्रसन्न मुद्रेने मान डोलावीत राहिलात आणि प्रत्येक डोलावण्यागणिक पावतीवरचा आकडा वाढत गेला, हेही कानी आले. या फिर्यादीचा निवाडा करण्याचा अधिकार धाकट्या भावास नाही. परंतु दोन तपांहून अधिक काळ दोन्ही कानांत यंत्रे बाळगणारा इसम या नात्याने साक्ष देण्याचा अधिकार मला खचित आहे. ती या पत्राने रुजू करीत आहे.

आपली मुख्य तक्रार अशी की, यंत्र लावले म्हणजे माणसांचे बोलणे बाजूस राहते आणि छताचा पंखा, मोरीतली भांडी, वर्तमानपत्राच्या पानांचा सळसळाट व दारावरून जाणाऱ्या ट्रॅक्टरचा घरघराट हेच तेवढे उदंड ऐकू येते. तक्रार सर्वस्वी खरी आहे. आरोप मात्र भलत्यावर आला आहे. ऐकतो तो केवळ कान नव्हे, मेंदूही ऐकतो. आणि वर्षानुवर्षे त्याच्याकडे क्षीण आवाजच पोहोचत राहिल्यामुळे, हवे ते घ्यावे व नको ते टाकावे ही त्याची जुनी सवय मोडून गेलेली असते. नीरा डाव्या कालव्याची पाळी आली आणि दारे धरणारा गडीच बांधावर निजला, तर उसाच्या सऱ्या कोरड्या राहून पाणी भलतीकडे जाते, तसा हा प्रकार आहे. त्यात पाण्याचा काय अपराध? हा गडी जागा होण्यास काही आठवडे लागतात, क्वचित काही महिनेही लागतात, आणि रोज यंत्र लावल्यावाचून तो जागा होत नाही. प्रथम शांत खोलीत एकट्या वहिनींशी बोलावे, मग जेवणाच्या पंक्तीत बसावे आणि सर्वांत शेवटी लग्नाच्या मांडवात शिरावे, असा याचा क्रम आहे. आपण प्रारंभच मांडवापासून केलात, तोही वाजंत्रीवाल्यांच्या शेजारची खुर्ची पकडून.

‘ऐकू येते, पण कळत नाही’ ही आपली दुसरी तक्रार तर जगातील समस्त यंत्रधारकांची सामाईक मालमत्ता आहे. बोलण्यातले स्वर खालच्या पट्टीतले आणि धट्टेकट्टे असतात; स, श, थ, फ यांसारखी व्यंजने वरच्या पट्टीतली आणि नाजूक असतात; वयोमानाने येणारे बहिरेपण आधी वरची पट्टी हिरावून नेते. म्हणून बोलण्याचा ओघ कानी येतो, पण शब्दाच्या कडा येत नाहीत. बारामतीस देह ठेवलेल्या मोरोपंतांच्या (1729–1794) आर्या आपणांस मुखोद्गत आहेत; त्या पंतांचे यमकांचे सारे वैभव ज्या व्यंजनांवर उभे आहे, नेमकी त्यांतलीच काही आपल्या कानांनी रजेवर पाठविली आहेत, हे ध्यानी घ्यावे. अशा वेळी समोरचा मनुष्य ओरडू लागला, तर आधीच धट्टेकट्टे असलेले स्वर आणखी फुगतात व बिचारी व्यंजने होती तेथेच राहतात. शिवाय रुग्ण कानाचा स्वभाव असा विलक्षण की, हळू बोललेले त्यास पोहोचत नाही आणि मोठ्याने बोललेले सोसवत नाही. ‘जरा मोठ्याने बोल’ असे सांगून लगेच ‘ओरडतोस कशाला?’ असे जे आपण विचारता, त्यास घरातली मंडळी लहर समजतात. ते शरीरशास्त्र आहे.

कानाची उणीव डोळ्यांनी भरून काढावी म्हणून आम्ही समोरच्याचे ओठ वाचतो. परंतु प, ब आणि म ही तिन्ही अक्षरे ओठांवर तंतोतंत सारखी दिसत असल्यामुळे, आवाज न ऐकता नुसत्या ओठांवरून ‘मामा आले’ की ‘बाबा आले’ हे ब्रह्मदेवासही सांगता येणार नाही. त्यातून इंदापूरच्या आपल्या मामांच्या मिशा तर उभ्या ओठांवर कायमचा पडदा सोडून बसलेल्या. 2020 साली मुखपट्ट्या आल्या तेव्हा साऱ्या जगाचेच ओठ झाकले गेले, आणि चष्म्याची दांडी, यंत्र व मुखपट्टीची दोरी या तीन भाडेकरूंमध्ये एका कानाच्या जागेवरून असे तंटे माजले की, पट्टी काढताना यंत्र टुणकन उडून बाजारात भाज्यांच्या राशीत पडे आणि तेथून शीळ घालून आपला ठावठिकाणा कळवी.

ही शीळ म्हणजे यंत्राची खोड आहे. बाहेर पडणारा आवाज फिरून त्याच्याच तोंडी गेला की ते शीळ घालते. म्हणून कानाशी हात आला, लोकरीची टोपी ओढली किंवा कुणी मिठी मारली की ते वाजू लागते. मागच्या खेपेस काकूंना वाकून नमस्कार केला, त्यांनी दोन्ही हात माझ्या मस्तकावरून कानांपर्यंत फिरविले, आणि वडिलधाऱ्यांच्या पायाशी शीळ घालणारा हा कोण निर्लज्ज, म्हणून त्यांनी साऱ्या ओसरीकडे वळून पाहिले.

येथील राष्ट्रीय आरोग्य सेवा 5 जुलै 1948 रोजी सुरू झाली आणि त्याच साली ‘मेड्रेस्को’ नावाचे कर्णयंत्र गरजूंस विनामूल्य देण्यास प्रारंभ झाला. छातीवर एक पेटी, खिशात सेलचा वेगळा गठ्ठा आणि दोहोंना जोडणारी तार, असा तो सरंजाम होता. आजचे यंत्र कानामागे दडते. परंतु तेही सरकारच्या मालकीचे असून मजकडे केवळ वापरापुरते आहे, तेव्हा माझ्या दोन्ही कानांत सरकारी ऐवज आहे असे म्हणण्यास हरकत नाही. सेलही सरकारच देते. तो जस्त आणि हवा यांच्या संयोगावर चालतो. त्याची चिकटपट्टी सोलून मिनिटभर हवा खाऊ द्यावी, मगच खणात बसवावा. नारिंगी पट्टी तेरा नंबरची, तपकिरी तीनशे बाराची. एकदा पट्टी सोलली की यंत्र वापरा अगर न वापरा, सेलाचे आयुष्य सरू लागते. नातवंडांच्या हाती हा सेल कदापि लागू देऊ नये. पोटात गेल्यास प्राणावर बेतते. उन्हाळ्याचा घाम यंत्रास मानवत नाही, तेव्हा रात्री ते ओल शोषणाऱ्या पुड्यांसह डबीत ठेवावे. यंत्र हवे पण ऐपत नाही, असे कुणी आपल्याकडे असल्यास केंद्र सरकारच्या अपंग साहाय्य योजनेत अर्ज करता येतो, आणि वांद्र्यास 1983 साली स्थापन झालेली अली यावर जंग राष्ट्रीय संस्था याच कार्यास वाहिलेली आहे.

एक गोष्ट मात्र यंत्राच्या आवाक्याबाहेरची आहे. ते माणसाच्या बोलण्यासाठी घडविलेले असल्यामुळे बासरीचा लांबलेला स्वर ही आपलीच शीळ आहे असा त्याचा ग्रह होतो व ते त्या स्वराचा गळा दाबू पाहते. 1932 साली स्थापन झालेल्या लंडनच्या महाराष्ट्र मंडळात गाणे ऐकावयास जाण्यापूर्वी मी यंत्राची संगीताची कळ दाबून घेतो. पालखी बारामतीस येईल तेव्हा आपणही दुकानदाराकडून तशी सोय करून घ्यावी. म्हणजे काटेवाडीचे मेंढ्यांचे रिंगण आणि बेलवाडीचे अश्वाचे रिंगण टाळमृदंगासह पदरात पडेल.

नॉरिचच्या हॅरिएट मार्टिनो या कर्णा लावून ऐकणाऱ्या लेखिकेने 1834 साली बहिऱ्यांस उद्देशून एक पत्र छापले आणि बहिऱ्यांनी कसे वागावे ते परखडपणे सांगितले. ऐकू येणाऱ्यांनी कसे वागावे, हे सांगण्याचे काम मी अंगावर घेतो. वहिनींनी पुढील मजकूर घरात सर्वांस वाचून दाखवावा. दादांशी बोलण्यापूर्वी त्यांना हाक मारावी. उजेड आपल्या तोंडावर पडेल असे उभे राहावे. स्वयंपाकघरातून ओसरीवर भाषणे करू नयेत. एकदा न कळलेले वाक्य तेच पुन्हा न म्हणता शब्द पालटून सांगावे. दिवसभर लक्ष देऊन ऐकणे ही मेहनत आहे. म्हणून तिन्हीसांजेस त्यांनी यंत्र काढून ठेवले तर तो कुणाचा अपमान समजू नये. आणि दादांनी ‘काय म्हणालात?’ असे विचारल्यावर ‘काही नाही, जाऊ द्या’ हे उत्तर आजपासून घरातून हद्दपार करावे. बहिऱ्या माणसास न ऐकू आलेल्या बोलण्याचे वाईट वाटत नाही, न सांगितलेल्याचे वाटते.

दादा, आपणांस एवढीच विनंती की, हे पत्र संपताच फडताळ उघडावे. कळावे, लोभ असावा ही विनंती.

आपला आज्ञाधारक,
बापू